आहारतक्त्यात नसलेला रस्सा



अंगात रक्त कमी असलेल्या बाईला आपल्याकडे जो आहारतक्ता दिला जातो, तो बहुतेकांना पाठ असतो. पालक, मेथी, बीट, खजूर, डाळिंब, गूळ-शेंगदाणे. खाली एक ओळ असते, ‘मांसाहारी असल्यास अंडी, मासे, चिकन, मटण’. या ओळीत एक पदार्थ सहसा नसतो. मुंबईच्या मोहल्ल्यांत, मराठवाड्यातल्या अनेक वस्त्यांत आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तो शिजतो. बोकडाच्या मटणाच्या निम्म्याहून कमी भावात मिळतो आणि लोह, जस्त, ब-१२ या तिन्ही बाबतींत चिकनला सहज मागे टाकतो. त्याला कुणी ‘मोठ्याचं’ म्हणतं, कुणी ‘बडं’, कुणी सरळ बीफ. हा पदार्थ आहारशास्त्राच्या नेहमीच्या मोजपट्टीनं मोजला, तर त्याला आहारतक्त्यात जागा आहे आणि ती जागा रश्शाची आहे, एवढंच मला आज मांडायचं आहे. जाडजूड भाजलेल्या तुकड्याची वकिली मी करणार नाही.

आधी शब्दाचा आणि कायद्याचा खुलासा करतो, म्हणजे पुढं घोळ नको. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणी संरक्षण कायद्यानं गाईची कत्तल बंद झाली. विधिमंडळानं १९९५ साली मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती थेट २०१५ साली, आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, मात्र जिथं कत्तल कायदेशीर आहे अशा परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैसवर्गीय जनावरं या बंदीबाहेर आहेत. तेव्हा आज महाराष्ट्रातल्या घरात ‘बीफ’ म्हणून जे शिजतं ते बहुतांशी म्हशीचं किंवा रेड्याचं मांस असतं, आणि माझं पुढचं बोलणं त्याच मांसाबद्दल आहे. देशात २०१९च्या पशुगणनेनुसार जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. आपल्या चहातलं आणि श्रीखंडातलं दूध मोठ्या प्रमाणावर त्यांचंच. आटलेली म्हैस आणि कामाविना उरलेला रेडा यांचं पुढं काय होतं, हा प्रश्न दूध पिणाऱ्यालाही टळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयी आढळली. सगळा रक्तक्षय लोहाच्या अभावाचा नसतो, पण मोठा वाटा त्याचाच. इथं एक गंमत आहे, ती नीट पाहिली पाहिजे. कागदावर लोह मोजलं तर बाजरी मांसाला हरवते. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असतं, तेवढ्याच चरबीविरहित मांसात दोन-अडीच. मग रक्तासाठी भाकरी खावी, मांस कशाला? उत्तर आतड्यात आहे. धान्यातलं लोह फायटेटनं बांधलेलं असतं. वर जेवणाबरोबरचा चहा आपल्या टॅनिननं आणखी एक गाठ मारतो. त्यामुळं भाकरीतल्या शंभर भागांपैकी चार-पाच, फार तर दहा भाग रक्तापर्यंत पोहोचतात. मांसातलं बरंचसं लोह ‘हीम’ या रूपात असतं. ते बांधलं जात नाही, आतडं ते वेगळ्याच वाटेनं उचलतं आणि त्यातला पंधरा ते पस्तीस टक्के भाग अंगी लागतो. मासिक पाळी येणाऱ्या बाईला रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह प्रत्यक्ष शोषलं जावं लागतं. ताटात किती वाढलं याला तिच्या दृष्टीनं फारसा अर्थ नाही.

याहून मोलाची गोष्ट पुढं आहे. मांस स्वतःचं लोह तर आणतंच, शिवाय त्याच घासातल्या धान्याचं आणि कडधान्याचं लोहही सोडवून घेतं. लायरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली व्हेनेझुएलात मका आणि काळ्या घेवड्याबरोबर मांस-मासे देऊन हे दाखवलं. पुढं १९७६मध्ये कुक आणि मॉन्सेन यांनी निरनिराळी प्राणिज प्रथिनं एकमेकांशी ताडून पाहिली. जेवणातल्या अंड्याच्या पांढऱ्याची जागा गोमांस, मेंढीचं मांस, कोंबडी, मासे किंवा यकृतानं घेतली, की वनस्पतिज लोहाचं शोषण दुपटीहून अधिक वाढलं. दूध, चीज आणि अंडं यांनी मात्र ते वाढलं नाही. दूध-तुपानं अंगात रक्त भरतं, असा विश्वास बाळगणाऱ्या आपल्या प्रांतात हा निष्कर्ष अधिक लोकांना ठाऊक असायला हवा होता. एकाच जेवणावर केलेल्या प्रयोगांत हा फरक मोठा दिसतो. महिनोन्महिन्यांच्या मिश्र आहारात तो काहीसा बोथट होतो, हेही कबूल केलं पाहिजे. पण दिशा बदलत नाही. दोन बाजरीच्या भाकऱ्यांत मिळून नऊ-दहा मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं अर्धा मिलिग्रॅम जेमतेम अंगी लागतं. त्याच भाकऱ्या थोड्या मांसाच्या रश्शात कुस्करून खाल्ल्या तर ही बेरीज चांगली वाढते, आणि त्या वाढीतला मोठा वाटा भाकरीचा असतो. भाकरी आणि मांस यांना प्रतिस्पर्धी म्हणून उभं करणारा वाद इथं मोडतो. रस्सा-भाकरी ही जोडीच बरोबर आहे.

ब-१२ची कथा तर आपल्या पुण्याचीच आहे. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के निघालं. खाऊन-पिऊन सुखी असलेला वर्ग या एका बाबतीत सर्वात दरिद्री ठरला. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दुधात थोडं असतं. शंभर ग्रॅम मोठ्याच्या मांसात दिवसाच्या गरजेचा मोठा भाग भागेल इतकं असतं. शाकाहारी माणसानं गोळी घ्यावी, उत्तम. त्याच्या ताटात मांस ढकलायचा माझा इरादा नाही. प्रश्न आहे तो जो आधीच हे खातो त्याचा. त्याला आपण आहारशास्त्रातलं काय सांगतो? बहुधा काहीच नाही, कारण त्याच्या ताटातल्या पदार्थाचं नाव घ्यायला सांगणाऱ्याची जीभ अडखळते.

हे नाव मराठी छापखान्यात यायलाही फार वेळ लागला. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं त्यात पाककृतींसह नोंदलं गेलं. शीर्षकातला ‘अपूर्ण’ हा एकच शब्द आपल्या सगळ्या पाकशास्त्राच्या पुस्तकांना उद्देशून आहे, असं मी समजतो. या स्वयंपाकघरातला एक पदार्थ जवळून पाहण्यासारखा आहे. तो म्हणजे चान्या. मांसाच्या बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर कडक उन्हात वाळत घालायच्या. ताज्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. ते उडालं की पट्टी काळपट, कडक होते, हातात मोडते आणि महिनोन्महिने टिकते. मग भाजीला काही नसेल त्या दिवशी दोन पट्ट्या निखाऱ्यावर भाजायच्या, ठेचायच्या आणि भाकरीबरोबर खायच्या. नाहीतर तुकडे करून डाळीत किंवा कालवणात टाकायचे. शीतकपाट नव्हतं, रोज मांस घेण्याची ऐपत नव्हती, आणि एका दिवशी हाती आलेलं मांस पुढच्या कित्येक जेवणांना पुरवायचं होतं. या अडचणीतून घडलेला पदार्थ आजच्या आहारतज्ज्ञाला हवं तेच करतो. तो थोडंसं मांस अनेक जेवणांत विभागून भाकरी-डाळीबरोबर देतो. त्याचा एक दोष आहे, मीठ. रक्तदाब असणाऱ्यानं चान्या आधी पाण्यात भिजवून ते पाणी फेकावं, किंवा वाळवतानाच हात आखडता ठेवावा.

रश्शाचंही असंच आहे. म्हातारं, काम केलेलं जनावर म्हणजे चिवट मांस. त्या चिवटपणाचं नाव कोलॅजन. ते नडगी, मान, छाती या भागांत जास्त, म्हणून हे भाग स्वस्त. ओलसर उष्णतेवर तास-दोन तास राहिलं की कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि रश्शाला अंगचा दाटपणा येतो. कुकरमध्ये तेच काम पाऊण तासात होतं. कच्च्या पपईचा गर अर्धा तास चोळून ठेवला तर त्यातलं पपेन आणखी मदत करतं. मराठवाड्यात रस्सा दाट करायला येसूर घालतात. भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाले यांचं ते पीठ. म्हणजे ज्या धान्याचं लोह मांसानं सोडवायचं, ते रश्शातच येऊन बसतं. मुंबईच्या मुस्लिम घरांतल्या खिचड्यात गहू, डाळी आणि मांस एकजीव होईस्तोवर घोटतात, त्याचाही हिशेब हाच. पाण्यात उतरणारी ब-गटातली जीवनसत्त्वं रश्शातच राहतात आणि रस्सा कुणी ओतून देत नाही. जाता जाता एक गैरसमज दूर करतो. नळीच्या रश्शात भरपूर कॅल्शियम असतं, असं छातीठोक सांगितलं जातं. ते खरं नाही. हाड पाण्यात उकळून कॅल्शियम फारसं सुटत नाही. नळीचा रस्सा चवीसाठी प्यावा, कॅल्शियमसाठी नाचणी आहे.

आता आक्षेप. सर्वात गंभीर आक्षेप कर्करोगाचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन वगैरे, कर्करोगकारक ठरवलं आणि लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. लाल मांसात बोकडही येतो, हे बोकडप्रेमी विसरतात. रोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. इथं ‘रोज’ या शब्दावर बोट ठेवा. जागतिक कर्करोग संशोधन निधी लाल मांस बंद करा असं सांगत नाही. शिजवलेलं मांस आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवा, असं सांगतो. आठवड्यातून दोनदा माणशी सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम कच्चं मांस रश्शात पडलं, तर शिजून ते सगळं मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. ‘ईट-लॅन्सेट’ आयोगानं २०१९ साली पर्यावरण आणि आरोग्य दोन्ही पाहून लाल मांसाचा आकडा सुचवला तो दिवसाला १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला ९८. गरिबाच्या पातेल्यातलं प्रमाण आणि तज्ज्ञांच्या आयोगाचं प्रमाण असं एका जागी येऊन भेटतं. मात्र हे आकडे परवान्यासारखे वाचू नयेत. आठवड्यातून पाच रात्री सीख कबाब हाणणाऱ्याला माझ्या व्याख्यानातून काही आधार मिळणार नाही. निखाऱ्यावर करपलेल्या मांसात जी घातक रसायनं तयार होतात, ती रश्शाच्या शंभर अंश तापमानाला जवळजवळ तयार होत नाहीत, ही रश्शाची आणखी एक जमेची बाजू.

हृदयविकाराचा आक्षेप त्यामानानं सोपा आहे. म्हशीच्या मांसात चरबीचं जाळं स्नायूच्या आत फारसं पसरलेलं नसतं. ती पांढरीशुभ्र, कडेला बसलेली असते आणि सुरीनं काढता येते. काढल्यावर उरतं ते बाजारातल्या बऱ्याचशा मटणापेक्षा कमी चरबीचं मांस. अडचण असते ती वर ओतलेल्या तर्रीची. बाकी पथ्यं साधी आहेत. कच्चंपक्कं मांस खाऊ नये, कारण पट्टकृमी आणि जिवाणू मारायला पुरेसा ताप लागतोच. खिम्याला तर अधिक, कारण बाहेरचे जंतू दळताना आत गेलेले असतात. गरोदरपणात काळीज वरचेवर नको, त्यात अ-जीवनसत्त्व जास्त असतं. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी डॉक्टरांचं ऐकावं.

पुढचा आक्षेप मला अधिक टोकदार वाटतो. मांस इतकं गुणाचं असेल तर ते खाणाऱ्या समाजांतल्या बायका रक्तक्षयी का? पाळी, बाळंतपणं, आतड्यातले कृमी, मलेरिया ही कारणं आहेतच. पण एक कारण वाढण्यात आहे. अनेक घरांत तुकडे पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या ताटात जातात, आणि पातेलं खरवडून उरलेला रस्सा शेवटी जेवणारीच्या वाट्याला येतो. हीम लोह मुख्यतः तुकड्यात असतं. घरात मांस शिजलं याची नोंद पाहणीत ‘कुटुंब मांसाहारी’ अशी होते, पण बाईच्या आतड्यापर्यंत ते पोहोचलेलं नसतं. आहाराचा सल्ला कुटुंबाला देऊन भागत नाही, ताटाला द्यावा लागतो.

आणखी एक आक्षेप आतून येतो आणि तो आदरानं ऐकला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, अनेक पिढ्यांनी ते सोडलं, मग आता हे पुन्हा कशाला उकरायचं? पण महाडची हाक मृतमांसाविरुद्ध होती. गावची मेलेली ढोरं ओढायची आणि त्याच्या बदल्यात तेच मांस खायचं, या सक्तीच्या व्यवहाराविरुद्ध होती. पुढं १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाशी गोमांसभक्षणाचा संबंध जोडला. तो समाजाच्या निवाड्याचा शोध होता, त्या मांसाच्या पोषणमूल्याचा निवाडा नव्हता. ज्यांनी सोडलं त्यांचा सोडण्याचा मान राखूनच बोललं पाहिजे. जे आजही दुकानातून ताजं, तपासलेलं मांस विकत आणून खातात, त्यांना लाज वाटावी असं त्यात काही नाही, एवढंच म्हणायचं आहे.

राहता राहिली धर्मभावना. तिच्याबाबत मी थोडक्यात आटोपतो. वेदकाळी काय खात होते यावर विद्वानांनी भरपूर लिहिलं आहे. पण पूर्वजांनी खाल्लं म्हणून आपण खावं, हा युक्तिवाद पूर्वजांनी सोडलं म्हणून सोडावं याइतकाच लंगडा आहे. ज्याला वर्ज्य आहे त्यानं खाऊ नये. त्याच्या वर्ज्यावरून दुसऱ्याचा आहारतक्ता मात्र लिहिला जाऊ नये. गोव्यात शेजारच्या दोन घरांत एकाकडे बीफ चिली फ्राय आणि दुसऱ्याकडे चवथीला खतखतं, हे दोन्ही सुखेनैव चालत आलं आहे.

पर्यावरणाच्या आक्षेपातलं तथ्य मी वर चौदा ग्रॅमचा आकडा मान्य करून स्वीकारलंच आहे. म्हैस मिथेन सोडते, ते नाकारून कसं चालेल? पण ती मिथेन दुधासाठीही सोडते. केवळ मांसासाठी धान्य चारून पोसलेला परदेशी बैल आणि कडब्यावर जगून, दहा वेतं देऊन आटलेली आपली म्हैस, यांचा हिशेब एकाच वहीत लिहिणं बरोबर नाही.

तेव्हा माझी विनंती या सभागृहातल्या आणि बाहेरच्या आहारतज्ज्ञांना, आशाताईंना, बाळंतविभागातल्या परिचारिकांना आहे. समोरच्या बाईला आधी विचारा, घरी काय शिजतं. ती चाचरत ‘मोठ्याचं’ म्हणाली, तर तुमच्या चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका. तक्त्यात लिहा: मोठ्याचं मांस, आठवड्यातून दोनदा, सत्तर ग्रॅम, चरबी काढून, रस्सा करून, बाजरीच्या भाकरीबरोबर, वर लिंबू पिळून. चहा तासाभरानं. आणि खाली अधोरेखित करून लिहा, तुकडे तिच्याही ताटात.